पांढऱ्या शर्टातलं शुभवर्तमान

भोपाळात पिपलानीला लागून कारखान्याच्या निवृत्त लोकांनी जी कॉलनी वसवली आहे, तिथे विश्वासराव उजगरे पांढरा शर्ट घालून घराबाहेर पडले की भाजीवाला आपला ठेला कडेला घ्यायचा आणि हळूच विचारायचा, "साब, कौन गया?"

त्याला कारण होतं. विश्वासराव कारखान्याच्या कल्याण विभागात होते. या विभागात कामं पुष्कळ, पण विश्वासरावांच्या वाट्याला आलं ते एकच: कामगाराच्या घरी जाऊन वाईट बातमी सांगणं. सुरुवातीला एकदा त्यांनी ते फार नीट केलं, आणि एकदा नीट केलं की काम कायमचं गळ्यात पडतं तसं ते त्यांच्या गळ्यात पडलं. निवृत्त झाल्यावरही सुटलं नाही. दिल्लीला कुणाचा जावई गेला, मुंबईला कुणाची बहीण गेली, की फोन यायचा तो विश्वासरावांना. "तुम्हीच जाऊन सांगा, उजगरेसाहेब. तुम्हाला जमतं."

त्यांची पद्धत ठरलेली होती. धाडकन काही सांगायचं नाही, हप्त्याहप्त्याने सांगायचं. पहिल्या हप्त्यात म्हणायचं, "काळजीचं काही नाही." दुसऱ्या हप्त्यात विषय जरा उंचावर न्यायचा: माणसाचं आयुष्य म्हणजे काय, आपण आलो कुठून, जाणार कुठे. समोरच्याचे हातपाय थोडे गळले की तिसऱ्या हप्त्यात नाव घ्यायचं. पद्धत दयाळूपणाची होती यात शंका नाही. फक्त एक झालं, की एवढ्या वर्षांत ती साऱ्या कॉलनीला पाठ झाली. विश्वासरावांच्या तोंडून "काळजीचं काही नाही" एवढं ऐकलं की बायका पदर डोळ्यांना लावायच्या.

अशा माणसाने शुभवर्तमान सांगायला निघावं, हा खरं म्हणजे अन्याय होता. कुणावर, ते पुढे कळेलच.

झालं असं, की त्यांच्या चर्चच्या मंडळीला नवे पाळक आले. सत्यजित भांबळ त्यांचं नाव. पुण्याला शिकून आलेले, वय लहान, उत्साह दांडगा. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला तसं त्यांनी एका रविवारी वेदीवरून सांगितलं, "ख्रिस्ताचा शिष्य म्हणजे बाकावर येऊन बसणारा नव्हे. जो सांगतो तो शिष्य. ईस्टरपर्यंत प्रत्येकाने निदान एका माणसाला सांगायचं. कुणाला ओढायचं नाही, आमिष दाखवायचं नाही, वाद घालायचा नाही. आपल्याला काय मिळालं तेवढं सांगायचं. कोण तयार आहे? उभे राहा बरं."

मंडळी पंख्याकडे बघू लागली. कुणी गीतांचं पुस्तक चाळू लागलं. काम समोर आहे आणि ते घ्यायला कुणी नाही, अशी शांतता विश्वासरावांना आयुष्यात कधी सोसलेली नाही. ते उभे राहिले.

"उजगरेकाका," पाळकांचा चेहरा उजळला, "प्रभूची स्तुती असो."

घरी जाताना स्कूटरच्या मागच्या सीटवरून त्यांच्या पत्नी सिंधूबाईंनी तोंड उघडलं. "तुम्ही आणि आनंदाची बातमी? लग्न ठरल्याचं माझ्या आईला तुम्ही सांगितलंत तेव्हा ती रडली होती."

"अनंतरावांना सांगेन म्हणतो."

"दिवस कसे आहेत, धर्मांतराच्या तक्रारींचं पेपरात रोज काय येतं, वाचता ना?"

"ते का तक्रार करतील?"

"ते नाही करायचे. म्हणूनच म्हणते. तुम्हाला आहे तो एवढा एक मित्र, तोही घालवून बसाल."

विश्वासरावांनी गियर बदलला. त्यांच्या मनात नेमकी तीच भीती होती. अनंतराव देशकर त्यांचे शेजारी. वडील नागपूरहून सरकारी कचेऱ्यांबरोबर भोपाळला आलेले, स्वतः मंत्रालयात फायली हलवून निवृत्त झालेले आणि या कॉलनीत घर विकत घेतलेले. दोन घरांच्या मागच्या अंगणांत एक कमरेएवढी भिंत होती, आणि त्या भिंतीवरून नाताळचा केक तिकडे आणि दिवाळीच्या चकल्या इकडे, पेपरची पानं, पाठदुखीचं मलम, सरकारवरचा राग असं सगळं वर्षानुवर्षं ये-जा करत होतं. देव हा विषय मात्र त्या भिंतीवरून कधी गेला नव्हता. गणपतीत विश्वासराव मांडवाच्या वायरिंगवर लक्ष ठेवायचे. नाताळात अनंतराव चांदणी टांगायला स्टूल धरायचे. त्यापलीकडे दोघांनीही पाय टाकला नव्हता. आता टाकला आणि भिंतीपलीकडचा आवाज बंद झाला तर? सकाळी फिरायला कुणाबरोबर जायचं? पण मंडळीत उभं राहून दिलेला शब्दही होता. विश्वासरावांनी दिलेला शब्द कधी मोडला नव्हता, आणि हे त्यांना स्वतःबद्दल फार आवडत असे.

काम पवित्र, म्हणून त्यांनी आंघोळ केली, पांढरा शर्ट घातला, बायबलचा नवा करार वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत धरला आणि नेहमीच्या मागच्या भिंतीवरून न जाता रीतसर रस्त्याने जाऊन देशकरांची पुढच्या दाराची बेल वाजवली.

अनंतरावांच्या पत्नी प्रमिलाबाईंनी दार उघडलं. आधी शर्ट पाहिला, मग काखेतला कागद, मग चेहरा. त्या उंबऱ्यावरच मटकन बसल्या.

"वहिनी, अहो, काळजीचं काही नाही," विश्वासराव म्हणाले.

प्रमिलाबाईंनी टाहो फोडला. आतून अनंतराव अर्धी दाढी साबणात घेऊन धावत आले. "भालचंद्र?" त्यांनी एवढंच विचारलं. भालचंद्र हे त्यांचे नागपूरचे धाकटे भाऊ. रस्त्यावर भाजीवाल्याने ठेला कडेला घेतलाच होता. समोरच्या घरातले लोक चपला न घालता आले. कुणी नागपूरला फोन लावला. फोन भालचंद्ररावांनी स्वतः उचलला आणि आपण जेवायला बसलो आहोत, नंतर करा, असं सांगितलं.

सगळे विश्वासरावांकडे बघू लागले.

"मग आलात कशाला?" अनंतरावांनी विचारलं. त्यांच्या गालावरचा साबण वाळत चालला होता.

दहा-बारा माणसं, रडून लाल झालेल्या प्रमिलाबाई आणि समोर भाजीवाला. या सभेपुढे तारणाचा विषय काढायला अंगात जे धैर्य लागतं ते विश्वासरावांच्या अंगात त्या घडीला नव्हतं.

"शिडी हवी होती," ते म्हणाले.

पांढऱ्या शर्टात देशकरांची शिडी खांद्यावर घेऊन ते घरी आले. सिंधूबाईंनी ती घरातल्या शिडीशेजारी उभी केली.

पण प्रकरण शिडीवर थांबलं नाही. त्या धावपळीने संध्याकाळी अनंतरावांच्या छातीत धडधडायला लागलं, डोकं गरगरलं, आणि त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. विश्वासरावांना कोण वाईट वाटलं. सगळी धावपळ त्यांनीच केली. दवाखान्यातले सगळे डॉक्टर त्यांच्या ओळखीचे, त्यामुळे तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी आत बोलावलं तेही त्यांनाच. डॉक्टर म्हणाले, "हृदय घोड्यासारखं आहे. पोटात गॅस आहे. रात्रीची भजी बंद करा."

विश्वासराव बाहेर आले. अनंतराव खाटेवर उठून बसले होते, प्रमिलाबाई पायाशी उभ्या होत्या. विश्वासरावांनी मित्राच्या खांद्यावर हात ठेवला आणि खऱ्या समाधानाने सांगितलं, "काळजीचं काही नाही. गॅस आहे."

अनंतरावांनी प्रमिलाबाईंकडे पाहिलं. प्रमिलाबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

पाळकसाहेबांनी शिडीची हकिकत ऐकून घेतली आणि हसू दाबून म्हणाले, "काका, तुम्ही फार औपचारिक झालात. साधं बोला. एखाद्या प्रश्नाने सुरुवात करा. माणूस विचारात पडला की दार आपोआप उघडतं."

म्हणून अनंतराव फिरायला येऊ लागल्यावर एका सकाळी, कारखान्याच्या भिंतीकडेच्या रस्त्याने जाताना, विश्वासरावांनी घसा साफ केला. अंगात साधा चौकड्याचा शर्ट होता. "अनंतराव, एक विचारू? माणूस मेल्यावर कुठे जातो, याचा तुम्ही कधी विचार केलाय?"

अनंतराव जागच्या जागी थांबले. एक सिटी बस धुरळा उडवत गेली. त्यांनी तो खाली बसू दिला. मग फार शांत आवाजात म्हणाले, "इतके दिवस नव्हता केला. तुम्ही सांगा. मी ऐकतो."

आता कॉलनीतल्या कुणालाही विचारा, हा दुसरा हप्ता होता. शेंबडं पोरही सांगेल. एका माणसाला तेवढं कळलं नाही, आणि तो म्हणजे ज्याने ही पद्धत काढली तो. विश्वासरावांना वाटलं, दार उघडलं.

पुढचे दिवस त्यांच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे गेले. रोज सकाळी ते बोलायचे आणि अनंतराव ऐकायचे. असं ऐकणं विश्वासरावांनी कधी पाहिलं नव्हतं. एरवी हा माणूस दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देत नसे, आता मान खाली घालून चालायचा, मध्येच थांबून विचारायचा, "मग वेदना होत नाहीत म्हणता तिथे?" किंवा, "आपली माणसं भेटतात का? आई भेटेल?" विश्वासरावांच्या डोळ्यांत पाणी यायचं. अनंतरावांच्याही यायचं. दोघे रुमाल काढून नाकं शिंकरायचे आणि पुढे चालायचे.

अनंतरावांमध्ये बदलही दिसू लागला. ज्या समोरच्या घराशी त्यांचं नालीवरून भांडण होतं, तिथे जाऊन ते स्वतः माफी मागून आले. आपला जुना ट्रान्झिस्टर त्यांनी भिंतीवरून विश्वासरावांना दिला. "ठेवा. तुम्हाला आवडतो." भजी सोडली. "हा पश्चात्ताप आहे, सिंधू," विश्वासराव म्हणाले. "स्वच्छ पश्चात्ताप."

"मला तर वेगळंच काही वाटतंय," सिंधूबाई म्हणाल्या. "प्रमिलाताई हल्ली मला बघितलं की आत पळतात."

एकदा अनंतराव म्हणाले, जवाहर चौकात येता का, फोटो काढायचाय. दोघे बसने गेले. फोटोवाल्याने पांढऱ्या पडद्यापुढे बसवलं तेव्हा अनंतराव त्याला म्हणाले, "थोडा हसरा आया तो चलेगा. पण जास्ती नाही." मग मोठी प्रत काढायला सांगितली आणि फ्रेमसाठी विश्वासरावांचं मत घेतलं. या विषयात विश्वासरावांइतका जाणता माणूस अख्ख्या भोपाळात मिळाला नसता. त्यांनी सांगितलं की सोनेरी नको, लवकर काळवंडते. सागाची घ्या, आणि वर दोन्ही कोपऱ्यांना हूक ठेवा, म्हणजे हार नीट बसतो. हे ते सवयीने बोलले. आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. त्यांना वाटलं, लग्नाचा वाढदिवस असेल. अनंतराव त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "उजगरे, तुमच्यासारखा मित्र मिळायला नशीब लागतं."

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी त्यांनी स्वतःहून सांगितलं, "ईस्टरला मी तुमच्या देवळात येतो. उशीर नको करायला."

विश्वासरावांनी तो निरोप पाळकांना दिला तेव्हा त्या तरुण माणसाने त्यांना सगळ्यांदेखत मिठी मारली. बाकी मंडळीचं काय, कुणी दूधवाल्याला एक पत्रक दिलं होतं, कुणी ऑटोत दोन वाक्यं बोलून उतरलं होतं. "ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेत उजगरेकाका सर्वांपुढे आपल्या अनुभवाची साक्ष देतील," पाळकांनी जाहीर केलं. ज्या बाकावर विश्वासराव वर्षानुवर्षं कडेला बसत, तिथे आता लोक त्यांना मधली जागा देऊ लागले. खोटं कशाला सांगा, त्यांना ते फार गोड लागलं.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, संध्याकाळी देशकरांचा मुलगा कौस्तुभ पुण्याहून आला. शनिवारी सकाळी सिंधूबाई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या, तेव्हा भिंतीपलीकडून प्रमिलाबाईंच्या हुंदक्यांचा आवाज आला. सिंधूबाई ओलं धोतर खांद्यावर टाकून सरळ भिंतीशी गेल्या. परत आल्या त्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या आणि तोंडाला पदर लावून हसू लागल्या. हसता हसता त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"अहो, तुमचे अनंतराव मरायला टेकलेत."

"काय?"

"त्यांना तसं वाटतंय. तुम्ही दवाखान्यात म्हणालात ना, काळजीचं काही नाही? आणि मग रोज सकाळी स्वर्गाच्या गोष्टी. त्यांनी मुलाला बोलावून घेतलंय. प्रमिलाताईंनी डॉक्टरांना गाठून विचारलं, ते म्हणाले गॅस. तर त्यांना वाटलं, तुम्हीच डॉक्टरांना पढवून ठेवलंय."

विश्वासराव खुर्चीत बसले. ट्रान्झिस्टर, नाली, फोटो, हूक, सगळं एका रांगेत येऊन डोळ्यांपुढे उभं राहिलं.

"जाऊन सांगून येते मी," सिंधूबाई उठल्या.

"थांब."

त्यांना स्वतःचा आवाज अनोळखी वाटला. उद्या पहाटे उपासना होती. अनंतराव येणार होते. सगळी मंडळी वळून बघणार होती. "उद्या दुपारी सांगू. एका दिवसाने काय बिघडतंय? तेवढ्यात कानावर दोन चांगले शब्द पडतील."

सिंधूबाई खांद्यावरचं धोतर काढून बाहेर निघाल्या. "तुमचा शब्द, तुमचा मित्र," त्या म्हणाल्या. "मी कपडे वाळत घालते."

विश्वासराव साक्षीचे मुद्दे घेऊन खिडकीशी बसले. पहिलाच मुद्दा वाचताना त्यांना भिंतीपलीकडे अनंतराव दिसले. ते मागच्या व्हरांड्यात इन्व्हर्टरसमोर उकिडवे बसले होते आणि प्रमिलाबाईंना त्यात पाणी कसं भरायचं ते शिकवत होते. "हे लाल टोक वर आलं की बस्. जास्त नाही भरायचं. बघ, आता तू भर." प्रमिलाबाई पाण्याकडे न बघता त्यांच्याच तोंडाकडे बघत होत्या आणि पाणी सगळं बाहेर सांडत होतं. अनंतराव रागावले नाहीत. जो माणूस चहात साखर कमी पडली तर घर डोक्यावर घ्यायचा, तो फडक्याने फरशी पुसून म्हणाला, "पुन्हा भर. येईल तुला. मी आहे अजून."

विश्वासरावांना स्वतःची लाज वाटली. इतकी, की बसवेना. त्यांनी शर्ट घातला नाही, चप्पल घातली नाही. बनियनवर भिंत ओलांडली आणि वयाप्रमाणे पलीकडच्या तुळशीच्या कुंडीजवळ पडले.

"अनंतराव," ते पडल्या पडल्या म्हणाले, "तुम्ही मरत नाही आहात."

अनंतरावांनी त्यांना हात देऊन उठवलं. "पुरे आता, उजगरे. मला तुमची पद्धत माहीत आहे. तिसरा हप्ता राहिलाय तो सांगून टाका. किती दिवस?"

"अहो, गॅस आहे."

"कौस्तुभच्या देखत सांगितलंत तरी चालेल. मनाची तयारी आहे."

"देवाशपथ गॅस आहे. काळजीचं काही—" विश्वासरावांनी जीभ चावली, पण प्रमिलाबाईंचा बांध फुटला होता. कौस्तुभ आतून धावत आला. "काका, प्लीज, सच सच सांगा ना. पप्पांना झालंय काय? मी सुट्टी टाकून आलोय."

तेव्हा विश्वासरावांच्या ध्यानात आलं की आपल्या तोंडून निघालेल्या चांगल्या बातमीवर या जगात कुणी विश्वास ठेवणार नाही. मग त्यांनी दुसरं खरं होतं ते सांगितलं. पाळकांनी काय सांगितलं होतं, कोण उभं राहिलं, पांढरा शर्ट, शिडी, प्रश्नाने सुरुवात. "ईस्टरपर्यंत एका माणसाला सांगायचं होतं. मी तुम्हाला निवडलं."

मग कौस्तुभला हसू फुटलं. प्रमिलाबाई आधी त्याच्या पाठीत धपाटा घालू लागल्या आणि मग स्वतःच रडत हसत भिंतीला टेकल्या. "शिरा करते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. कौस्तुभ त्यांच्या मागे गेला. आतून कढईचा आवाज येऊ लागला.

अनंतराव हसले नव्हते. त्यांचा चेहरा लाल होत चालला होता.

"निवडलं," ते म्हणाले. "जवाहर चौकात माझ्या फोटोची फ्रेम निवडलीत तशी."

"मला वाटलं, लग्नाचा वाढदिवस—"

"हूक लावायला सांगितलेस तू मला, गाढवा. मी रात्र रात्र जागलो. बायकोला बँक दाखवली, गॅसचा नंबर लावायला शिकवला. त्या नालीवाल्याची माफी मागितली मी, चूक त्याची असताना." इतक्या वर्षांत अनंतरावांनी त्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. मग त्यांचा आवाज खाली आला, आणि ते जास्त वाईट होतं. "ते सगळं सोड. एवढी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो. कधी या विषयावर बोलला नाहीस. पाळकाने सांगितलं म्हणून बोललास, आणि बोललास तेही पाळकाचंच. तुझं स्वतःचं काही होतं का सांगण्यासारखं, का नुसतंच काम होतं?"

विश्वासराव व्हरांड्याच्या पायरीवर बसले. गुडघा खरचटला होता. साक्षीचे मुद्दे पलीकडे खिडकीत राहिले होते, आणि त्यातला एकही त्यांना आठवेना.

"आमच्या मुलाचं, पिंटूचं, तुम्हाला माहीत आहे," ते म्हणाले.

"स्कूटरच्या अपघातात गेला, एवढंच. तुम्ही दोघं इथे यायच्या आधी. मी कधी विचारलं नाही."

"बातमी नेहमीसारखी माझ्याच टेबलावर आली. साहेब म्हणाले, उजगरे, आज दुसऱ्याला पाठवतो. मी म्हटलं, नको. तिला दुसऱ्या कुणी सांगायला नको. क्वार्टरच्या दारापर्यंत आलो. बेलवर बोट ठेवलं आणि दाबवेना. आत सिंधू भाकरी थापत होती. थाप ऐकू येत होती बाहेर. तिच्यासाठी पोरगा अजून जिवंत होता, अनंतराव. बेल वाजेपर्यंत जिवंत होता. मी इतक्या लोकांच्या दारात उभा राहिलो होतो, पण दाराबाहेर काय असतं ते मला त्या दिवशी कळलं."

अनंतराव त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"प्रार्थना बिर्थना काही केली नाही मी. शब्दच नव्हते. देवाचा राग आला होता म्हणावं, तर तेवढीही ताकद नव्हती. पण मी एकटा नव्हतो. कसं सांगू तुम्हाला? माझ्या शेजारी कुणीतरी उभं होतं. मी मान वळवून पाहिलं नाही, पाहायची गरज नव्हती. स्वतःही मरण सोसलेलं असं कुणीतरी. त्याला घाई नव्हती. मला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ ते उभं राहिलं. मग बेल दाबली गेली. आत गेलो तेव्हाही ते बरोबर आलं, आणि नंतर गेलं नाही. त्यानंतर लोकांच्या दारात मी जाऊ शकलो ते त्यामुळे. एवढंच आहे माझ्याकडे. स्वर्गाचं मला काही माहीत नाही. ते मी पुस्तकातलं सांगत होतो."

त्यांनी बनियनच्या टोकाने डोळे पुसले. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पाळकांना नाही, सिंधूलाही नाही. आता ते गेलं भिंतीपलीकडे. मित्र राहिला तर राहिला, गेला तर गेला, पण सांगायचं होतं ते हेच होतं, याबद्दल त्यांच्या मनात शंका राहिली नाही.

आत शिऱ्यात वेलदोडा पडल्याचा वास आला. अनंतराव समोरच्या फरशीकडे बघत होते.

"उद्या मी येणार नाही," ते शेवटी म्हणाले. "मरणाला भिऊन येणार होतो. आता भीती गेली."

"नका येऊ," विश्वासराव म्हणाले. ते उठू लागले. उद्या मंडळीपुढे उभं राहून काय सांगायचं, ते उद्या बघू.

अनंतरावांनी त्यांचा हात धरून त्यांना पुन्हा खाली बसवलं आणि दाराकडे तोंड करून हाक मारली.

"प्रमिला, तो शिरा राहू दे जरा. कौस्तुभला घेऊन बाहेर ये." मग ते विश्वासरावांकडे वळले. "त्या दारापासून पुन्हा सांग. यांनी ऐकलं नाही."